धिंगरीच्या ग्लुकानचं कार्बोक्सिमिथिलेशन: चोथ्यापासून पेशींवरच्या चाचणीपर्यंत

अळिंबीतल्या पॉलिसॅकराइडची (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळीची) रासायनिक रचना बदलली की त्याचं जैविक काम बदलतं, याची जुनी आणि ठळक उदाहरणं जपान-चीनकडची आहेत. शिताके अळिंबीतून गोरो चिहारा आणि सहकाऱ्यांनी लेंटिनान हे पॉलिसॅकराइड वेगळं केलं, ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी पाकिमानवरचं काम मांडलं. पाकिमान हे चिनी वैद्यकातल्या फूलिंग या बुरशीच्या गाठीतलं बीटा-ग्लुकान, म्हणजे बीटा जोडांनी बांधलेली ग्लुकोजची साखळी. मूळ रूपात ते पाण्यात विरघळत नाही आणि उंदरांमधल्या कर्करोगाच्या गाठींवर त्याचा परिणामही दिसत नव्हता. बाजूच्या १,६ फांद्या (पहिल्या आणि सहाव्या कार्बनमधल्या जोडाने लागलेल्या) रासायनिक रीतीने छाटल्यावर उरलेल्या साखळीने परिणाम दाखवला. त्याच पाकिमानला कार्बोक्सिमिथाइल गट जोडले की ते पाण्यात विरघळतं आणि क्रियाशीलही होतं.

हे वाचून अनेक विद्यार्थी थेट अभिक्रियेला हात घालतात आणि तिथेच घसरतात. अल्कलीत ठेवलेल्या ग्लुकानला नुसता नवा गट चिकटत नाही. त्याची साखळी तुटते, तीन साखळ्यांचा तिहेरी पीळ उकलतो, विद्राव्यता वाढते, चिकटलेली प्रथिनं निघून जातात, आणि काम करताना पाण्यातून जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या भित्तिकेतलं विषारी द्रव्य) आत शिरतं. यातली कोणतीही एक गोष्ट पेशींवरचा निकाल बदलू शकते. म्हणून धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीच्या ग्लुकानवरची खालची सगळी मांडणी एकाच प्रश्नाभोवती केली आहे: दिसलेला फरक खरोखर कार्बोक्सिमिथाइल गटामुळेच पडला, हे कसं दाखवायचं?

ही कृती एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या प्रयोगशाळेसाठी आहे. फ्यूम हूड (विषारी वाफ बाहेर खेचणारं कपाट) नसेल तर अभिक्रियेचा टप्पा करू नये. तयार झालेला पदार्थ खाण्यासाठी नाही, कुणालाही चाखायला किंवा पूरक आहार म्हणून देऊ नये. असा बदललेला घटक भारतात अन्नात वापरायचा तर एफएसएसएआयच्या २०१७ च्या अनिर्दिष्ट अन्नघटकांच्या नियमांखाली पूर्वमंजुरी लागते.

कच्चा माल

धिंगरी घ्यावी. महाराष्ट्रात ती गव्हाच्या किंवा भाताच्या काडावर वर्षभर निघते, एकाच वाणाची एकसारखी लॉट मिळते, आणि विक्रीआधी कापून टाकलेले देठ उत्पादकाकडे पडून असतात. देठ टोपीपेक्षा चिवट असतात, कारण त्यांत पेशीभित्तिकेचा वाटा जास्त असतो, आणि आपल्याला तीच हवी आहे. पावसाळ्यात रानात किंवा वारुळांवर उगवणारी अळिंबी या कामाला घेऊ नये. ओळख चुकण्याचा धोका आहेच, शिवाय तोच माल पुढच्या वर्षी पुन्हा मिळेल याची खात्री नसते.

ताज्या धिंगरीत सुमारे ९० टक्के पाणी असतं, म्हणजे १०० ग्रॅम कोरड्या भुकटीसाठी किलोभराहून थोडी जास्त ताजी अळिंबी लागेल. देठाच्या बुडाशी चिकटलेला काड काटेकोरपणे कापून टाकावा. काडातलं सेल्युलोजही बीटा-ग्लुकानच आहे आणि झायलानही अल्कलीत उतरतं, त्यामुळे हा कचरा पुढे ओळखता येत नाही आणि काढताही येत नाही. ५० ते ५५ अंश सेल्सिअसला देठ कडकडीत वाळवून दळावेत आणि ४० ते ६० मेशच्या चाळणीतून घ्यावेत. फार बारीक पीठ केलं तर सेंट्रिफ्यूजमध्ये ते नीट खाली बसत नाही.

१०० ग्रॅम भुकटी १ लिटर ८० टक्के इथेनॉलमध्ये रिफ्लक्सवर (वाफ थंड करून परत भांड्यात आणत) २ तास ठेवून गाळावी, आणि हेच पुन्हा एकदा करावं. फिनॉलिक द्रव्यं, मेद आणि मॅनिटॉल, ट्रेहॅलोजसारख्या लहान साखरा इथे निघतात. हा टप्पा वाचवला तर पुढे अँटिऑक्सिडंट चाचणीत दिसणारा गुण फिनॉलचा असतो आणि लेखात तो ग्लुकानच्या नावावर लागतो.

गरम पाणी आधी, अल्कली नंतर

इथेनॉल उडून गेलेल्या भुकटीत २ लिटर शुद्ध पाणी घालून ९० ते ९५ अंशांवर ३ तास ढवळत ठेवावं. सेंट्रिफ्यूज करून वरचं निवळ पाणी बाजूला घ्यावं आणि चोथ्याला आणखी एकदा तसंच पाणी द्यावं. या निवळ पाण्यात विद्राव्य पॉलिसॅकराइड असतात. त्यांचाही अभ्यास करता येतो, पण त्यांत ग्लायकोजेन, मॅनोज-गॅलॅक्टोजच्या साखळ्या आणि प्रथिनं यांची सरमिसळ असते. मुळातच विरघळणाऱ्या मिश्रणावर कार्बोक्सिमिथिलेशन करून फारसं काही सिद्ध होत नाही. त्यामुळे आपलं काम चोथ्यावर करायचं.

चोथ्यात अडकलेलं ग्लायकोजेन काढण्यासाठी तो पाण्यात कालवून आधी उष्णता सहन करणारं अल्फा-अमायलेज आणि मग अमायलोग्लुकोसिडेज वापरावं. सामू आणि तापमान एंझाइमच्या डबीवर दिलेलं असतं तेच ठेवावं. चोथ्याचा चिमूटभर नमुना आयोडीनच्या थेंबात तांबूस-तपकिरी झाला तर ग्लायकोजेन शिल्लक आहे. निळा झाला तर स्टार्च आहे, म्हणजे माल धान्यावर वाढवलेला किंवा भेसळीचा आहे.

आता चोथा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० पट १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये घ्यावा आणि त्यात ०.१ टक्का सोडियम बोरोहायड्राइड घालावं. अल्कलीत ग्लुकानची साखळी क्षपणकारी टोकाकडून एकेक ग्लुकोज सोडत जाते. बोरोहायड्राइड ते टोक बंद करतं, म्हणून ते वगळू नये. रात्रभर ४ अंशांवर ढवळून सेंट्रिफ्यूज करावं. खाली राहतो तो बहुतांशी कायटिन-ग्लुकानचा गठ्ठा, तो टाकावा. वरच्या द्रावणाचा सामू थंड ठेवून, हूडमध्ये, थेंबाथेंबाने ॲसेटिक आम्ल घालत ६ ते ७ वर आणावा. उरलेल्या बोरोहायड्राइडमधून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जवळ ज्योत नसावी आणि भांडं झाकलेलं नसावं. पांढरट, जेलीसारखा साका बसतो. तो तीन-चार वेळा पाण्याने धुऊन सेंट्रिफ्यूज करावा.

प्रथिनं काढण्यासाठी हाच साका पाण्यात कालवून प्रोटीएज एंझाइम द्यावं आणि पुन्हा धुवावं. क्लोरोफॉर्म आणि ब्युटेनॉल ४:१ प्रमाणात घेऊन करायची सेव्हाग पद्धत विद्राव्य अर्कासाठी आहे. न विरघळणाऱ्या साक्याला ती लावली की सगळं मधल्या थरात अडकतं आणि माल हातचा जातो.

शेवटी साका डायलिसिसच्या (फक्त लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या) पिशवीत भरून ४ अंशांवर शुद्ध पाण्यात दोन दिवस ठेवावा, पाणी दिवसातून तीन वेळा बदलावं आणि मग फ्रीझ ड्रायरवर वाळवावा. ओव्हनमध्ये वाळवू नये. तसं केलं की कण शिंगासारखे कडक होतात, पुढे अल्कली त्यांच्या आत शिरत नाही, आणि अभिक्रिया फक्त पृष्ठभागावर होते.

हातात नेमकं काय आहे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. अल्कलीत उतरून उदासीन होताना साका धरणाऱ्या भागात बीटा-१,३/१,६ ग्लुकानसोबत अल्फा-१,३ ग्लुकानही येतं. धिंगरीच्या भित्तिकेत ते खरोखर असतं. अमायलेज त्याला तोडत नाही. एकूण ग्लुकानमधून अमायलोग्लुकोसिडेजने मोजलेलं अल्फा वजा करायची जी प्रचलित पद्धत आहे, तिच्यात हे अल्फा-१,३ बीटाच्या खात्यात मोजलं जातं. म्हणून एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपटात) ८९० प्रति सेंटिमीटरच्या बीटा पट्ट्यासोबत ८५० च्या आसपास खांदा दिसतो का ते पाहावं. शक्य असेल तर डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये कार्बन-१३ एनएमआर करून घ्यावा. पहिल्या कार्बनचा संकेत १०३ पीपीएमजवळ असला तर बीटा, १०० जवळ असला तर अल्फा. दोन्ही सापडले तर लेखात "मिश्र ग्लुकान" असंच लिहावं. शुद्ध बीटा हवंच असेल तर अल्फा-१,३ ग्लुकानेज एंझाइम लागतं.

एकूण साखर फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल पद्धतीने मोजावी: १ मिली नमुना, १ मिली ५ टक्के फिनॉल, ५ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल, वाचन ४९० नॅनोमीटरला. मानक ग्लुकोजचं असेल तर उत्तराला ०.९ ने गुणावं, कारण साखळीतल्या ग्लुकोजचं वजन १८० नव्हे तर १६२ असतं. कार्बोक्सिमिथाइल गट लागलेली साखर या चाचणीत कमी रंग देते. त्यामुळे बदललेल्या नमुन्यात साखरेचा आकडा घसरला म्हणून माल अशुद्ध आहे असं समजू नये.

अभिक्रिया

एकाच लॉटच्या ग्लुकानपासून एकाच आठवड्यात चार नमुने करावेत.

क: मूळ ग्लुकान, काहीही न करता.
ख: सगळी प्रक्रिया, फक्त मोनोक्लोरोॲसेटिक आम्ल (कार्बोक्सिमिथाइल गट देणारं रसायन) न घालता.
ग: २ ग्रॅम ग्लुकानला १.२ ग्रॅम मोनोक्लोरोॲसेटिक आम्ल, म्हणजे दर ग्लुकोजमागे साधारण १ मोल.
घ: २.४ ग्रॅम, म्हणजे साधारण २ मोल.

शिवाय ग्लुकानच नसलेली पण बाकी सगळी रसायनं असलेली एक कोरी तुकडीही चालवावी आणि तिचीही डायलिसिस करून पेशींवर चाचणी घ्यावी. "ख" हा या प्रयोगाचा कणा आहे. पीळ उकलणं आणि साखळी तुटणं या दोन्ही गोष्टी "ख"मध्येही होतात, म्हणून गटाचा परिणाम "घ" आणि "ख" यांच्या तुलनेतून काढायचा. छापून आलेल्या अनेक लेखांत तुलना फक्त मूळ ग्लुकानशी केलेली असते, आणि त्यामुळे त्यांचे निष्कर्ष अधांतरी राहतात.

मोनोक्लोरोॲसेटिक आम्लाबद्दल आधी. ते कातडीतून शरीरात जातं आणि पेशींचा ऊर्जाचक्रच रोखतं. अंगाच्या थोड्या भागावर सांडलेलं संहत द्रावणही जिवावर बेतलेलं आहे, आणि लक्षणं काही तासांनी सुरू होऊ शकतात. दुहेरी नायट्राइल हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड, ॲप्रन आणि हूड, यांतलं काहीही वगळू नये. वजनसुद्धा हूडमध्ये करावं. अंगावर पडल्यास कपडे काढून किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरावं आणि बरं वाटत असलं तरी लगेच रुग्णालयात जावं, सोबत रसायनाचं नाव लिहून न्यावं.

१. २ ग्रॅम कोरडं ग्लुकान, म्हणजे सुमारे १२.३ मिलिमोल ग्लुकोज-एकक, तीन तोंडांच्या गोल फ्लास्कमध्ये ५० मिली आयसोप्रोपेनॉलमध्ये घालून अर्धा तास जोरात ढवळावं. गुठळी राहू देऊ नये. आयसोप्रोपेनॉलचं काम ग्लुकान विरघळू न देता फुगवून ठेवण्याचं आहे. त्यामुळे अल्कली साखळ्यांजवळ राहते आणि आम्लाचं पाण्याशी वाया जाणं कमी होतं.

२. फ्लास्क बर्फात ठेवून १२ मिली ३० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे ३.६ ग्रॅम किंवा ९० मिलिमोल, थेंबाथेंबाने तासाभरात घालावं. मग खोलीच्या तापमानाला आणखी २ तास ढवळावं. कण फुगून मऊ, अर्धपारदर्शक होतात. तसे झाले नाहीत तर पुढे जाऊ नये, आणखी तासभर द्यावा. शक्य असेल तर नायट्रोजनचा हलका प्रवाह ठेवावा, कारण गरम अल्कलीत ऑक्सिजन साखळी तोडतो.

३. ठरलेलं मोनोक्लोरोॲसेटिक आम्ल १० मिली आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवून अर्ध्या तासात हळूहळू घालावं. उदासिनीकरणाची उष्णता निघते, म्हणून या वेळीही बर्फ असावा. हिशेब असा: आम्लाच्या दर मोलमागे २ मोल अल्कली खर्च होते, एक आम्ल उदासीन करायला आणि एक अभिक्रियेला. २.४ ग्रॅम म्हणजे २५.४ मिलिमोल आम्ल ५१ मिलिमोल अल्कली खातं आणि ३९ उरते. ही उरलेली अल्कली संपू दिली तर अभिक्रिया थांबते. अनेकांचा कमी डीएस (दर ग्लुकोजमागे लागलेल्या गटांची सरासरी) याच चुकीमुळे येतो.

४. तापमान ५५ ते ६० अंशांवर आणून ३ तास ठेवावं. ७० च्या वर नेऊ नये: सोडियम ग्लायकोलेट बनवणारी नको असलेली बाजूची अभिक्रिया वाढते, रंग पिवळट-तपकिरी होतो आणि साखळी लहान होते. वेळ ५-६ तासांपर्यंत वाढवूनही फारसा फायदा होत नाही. डीएस वाढवायचा असेल तर धुऊन वाळवलेल्या मालावर हीच अभिक्रिया दुसऱ्यांदा करावी.

५. थंड करून पातळ ॲसेटिक आम्लाने सामू ७ करावा. वरचं आयसोप्रोपेनॉल ओतून काढावं आणि साका १०० मिली पाण्यात घ्यावा. "घ" जवळजवळ पूर्ण विरघळतो, "ग" थोडा गढूळ राहतो, "ख" बहुतांश तळाशीच असतो. न विरघळलेला भाग सेंट्रिफ्यूजने वेगळा करून त्याचं वजन नोंदवावं. तो टाकून देऊन फक्त विद्राव्य भागाचा डीएस सांगणं बरोबर नाही.

६. ३५०० डाल्टनच्या पिशवीत ४८ तास नळाच्या पाण्यात आणि ४८ तास शुद्ध पाण्यात डायलिसिस करावं. पिशवी दोन-तृतीयांशच भरावी. विद्युतभारित पॉलिमर पाणी खेचतो आणि भरगच्च पिशवी फुटते. शेवटच्या शुद्ध पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढुरकेपणा आला नाही, की मीठ गेलं. मग फ्रीझ ड्राय करावं. मीठ राहिलं तर डीएसचं टायट्रेशन, पेशींचा निकाल आणि उत्पादनाचं वजन, तिन्ही खोटी येतात.

डीएस मोजणं

दर ग्लुकोजमागे सरासरी किती गट लागले, तो डीएस. ग्लुकानमध्ये तो जास्तीत जास्त ३ असू शकतो. वाळवलेला नमुना ७० टक्के इथेनॉलमधल्या २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात अर्धा तास ढवळून आम्लरूपात आणावा. मग ८० टक्के इथेनॉलने क्लोराइड जाईपर्यंत धुवावा आणि निर्वातात वाळवावा. ०.२०० ग्रॅम आम्लरूप २०.० मिली ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून, उरलेली अल्कली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने फिनॉफ्थॅलीनवर मोजावी. समजा १५.० मिली आम्ल लागलं. मग २.०० वजा १.५०, म्हणजे ०.५० मिलिमोल गट ०.२ ग्रॅममध्ये, आणि दर ग्रॅमला अ = २.५.

डीएस = ०.१६२ × अ ÷ (१ − ०.०५८ × अ) = ०.४०५ ÷ ०.८५५ = ०.४७

"ख"चंही टायट्रेशन करावं. त्याचा अ शून्याजवळ आला नाही तर धुण्यात आम्ल उरलं आहे किंवा अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन बसली आहे.

एफटीआयआरमध्ये १६०० ते १६१० चा नवा जोरदार पट्टा आणि १४२० जवळचा दुसरा दिसायला हवा. पाण्याचा पट्टा १६४० ला आणि प्रथिनांचा १६५० ला असतो, त्यामुळे ओला नमुना सहज फसवतो. शंका असेल तर आम्लरूपाचा आलेख घ्यावा. पट्टा १७३५ च्या आसपास सरकला तर तो कार्बोक्सिलचाच आहे.

रेणुभारासाठी जेल परमिएशनमध्ये (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या पद्धतीत) ०.१ मोलर सोडियम नायट्रेट वापरावं. नुसत्या पाण्यात भारित साखळी ताठ पसरते आणि खऱ्यापेक्षा मोठी दिसते. तिहेरी पीळ आहे का हे काँगो रेड या रंगाने पाहता येतं: रंगासोबत सोडियम हायड्रॉक्साइड ० पासून ०.५ मोलरपर्यंत वाढवत जावं. पीळ असेल तर कमाल शोषणाची तरंगलांबी कमी अल्कलीत वर सरकते आणि जास्त अल्कलीत खाली येते. "घ"मध्ये ही सरक बहुधा नाहीशी होते.

पेशींवरची चाचणी आणि तिचे सापळे

सर्वांत मोठा सापळा एंडोटॉक्सिनचा. मॅक्रोफेज पेशी (रोगजंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) त्याच्या नॅनोग्रॅमलाही नायट्रिक ऑक्साइड सोडतात, आणि दहा दिवस पाण्यात खेळलेल्या नमुन्यात ते असतंच. ऑटोक्लेव्हने ते जात नाही. काचेची भांडी २५० अंशांवर किमान अर्धा तास कोरडी भाजावी आणि शेवटचं डायलिसिस एंडोटॉक्सिनमुक्त पाण्यात करावं. मोजायला नेहमीची हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तपेशींपासूनची एलएएल चाचणी इथे फसवते, कारण तिच्यातलं फॅक्टर-जी हे प्रथिन बीटा-ग्लुकानलाच प्रतिसाद देतो आणि त्यामुळे शुद्ध नमुनाही दूषित ठरतो. ग्लुकान रोखणारा बफर किंवा पुनर्संयोजित फॅक्टर-सी (एंडोटॉक्सिनलाच प्रतिसाद देणारं प्रथिन) वापरावा. शिवाय प्रत्येक नमुन्याची पॉलिमिक्सिन-बी (एंडोटॉक्सिन बांधून निष्क्रिय करणारं प्रतिजैविक) १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीसह एक समांतर चाचणी ठेवावी. पॉलिमिक्सिन घातल्यावर परिणाम बहुतांश गळाला, तर तो ग्लुकानचा नव्हताच.

दुसरा सापळा विद्राव्यतेचा. विरघळलं म्हणजे जास्त क्रियाशील झालं, असं गृहीत धरलं जातं. बीटा-ग्लुकान ओळखणारा डेक्टिन-१ हा ग्राहक कणरूप ग्लुकानने नीट जागा होतो. विरघळलेल्या साखळ्या त्याला चिकटतात, पण तसा संकेत देत नाहीत, उलट जागा अडवून बसू शकतात. म्हणून "घ"चा परिणाम "क"पेक्षा कमी आला तर प्रयोग फसला असं नाही, तो खरा निकाल असू शकतो. नेहमी वापरल्या जाणाऱ्या आरएडब्ल्यू २६४.७ या उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर डेक्टिन-१ मुळात कमी असतो. शक्य असल्यास उंदराच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मॅक्रोफेजवर पडताळणी करावी. २५, ५०, १०० आणि २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली अशा चार मात्रा पुरतात, आणि प्रत्येकीसोबत पेशी जिवंत आहेत का हे एमटीटी या रंगचाचणीने तपासावं.

डीपीपीएचसारख्या अँटिऑक्सिडंट चाचण्या स्वस्त म्हणून सगळे करतात. त्यांना फार महत्त्व देऊ नये. दाखवायच्याच असतील तर नमुन्यातलं फिनॉल आणि प्रथिन किती होतं हे त्याच तक्त्यात द्यावं.

सल्फेट गट जोडायचा असेल तर

मूळ साहित्यातलं क्लोरोसल्फोनिक आम्ल आणि पिरिडीन टाळावं. ते आम्ल पाण्याच्या थेंबालाही स्फोटक प्रतिसाद देतं. सल्फर ट्रायऑक्साइड-पिरिडीनचा तयार घन संयुग कोरड्या डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये वापरणं तुलनेने सुरक्षित आहे. इथे साखळी आम्लाने तुटते, अल्कलीने नाही, म्हणून "ख"चा नमुना त्याच द्रावकात आणि तेवढ्याच तापमानाला वेगळा करावा लागतो. गंधकाची टक्केवारी स मानली तर डीएस = १.६२ × स ÷ (३२ − १.०२ × स). सल्फेट लागलेलं ग्लुकान हेपॅरिनसारखं वागून रक्त गोठणं लांबवू शकतं. प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी ते केलं असलं तरी एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) मोजल्याशिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगाकडे जाऊ नये.